ऑपरेटर झोपला नव्हता, कॉम्प्युटर झोपला होता

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण यात मला माझी एक चूक कबूल करायची आहे, म्हणून जमलं तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या मे महिन्यात आमच्या गावातल्या अर्ध्या भागाला चार दिवस पाणी आलं नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे एक दिवसाआड पाणी असतं. एक पाळी हुकली की थेट चार दिवसांनी नळाला धार. लोक हंडे घेऊन रस्त्यावर आले, टँकरभोवती भांडणं झाली आणि दुसऱ्या दिवशी माझी बातमी छापून आली: रात्रपाळीचा ऑपरेटर झोपला, अर्धं गाव तहानलं. हेडिंग माझंच. पुरावा म्हणून रजिस्टरच्या पानाचा फोटोही दिला होता. बूस्टर पंप रात्री साडेअकराला ट्रिप झाला होता आणि रजिस्टरमध्ये मात्र बारा ते पाच दर तासाला एकच नोंद होती. 'पंप चालू, १८२ अँपिअर.' ओळीनं सहा वेळा १८२. न बघता एका बैठकीत भरलेलं रजिस्टर, असा अर्थ मी काढला. सगळ्यांनीच काढला. ठेकेदारानं त्याच आठवड्यात त्या माणसाला घरी बसवलं.

चार महिन्यांनी कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाहेरगावचा एक तंत्रज्ञ आला होता. चहाच्या टपरीवर सहज बोलता बोलता म्हणाला, "सर, यात माणसाची चूक कुठे आहे? सी ड्राइव्ह फुल्ल झालेला. स्काडाला आकडे साठवायला जागाच नव्हती. तो तिथंच अडकला."

मी चहा खाली ठेवला.

स्काडा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पंपाजवळच्या पॅनलमध्ये पीएलसी नावाचा एक छोटा, दणकट कंट्रोलर असतो. पंप चालू-बंद करणं, अँपिअर मोजणं ही कामं तो करतो. तिथून माहिती कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवर येते आणि पडद्यावर चित्ररूपात दिसते. पंप चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. काही बिघडलं तर अलार्म. आमच्याकडे कंट्रोल रूम शुद्धीकरण केंद्रात आणि बूस्टर पंप सहा किलोमीटर लांब. पूर्वी पंपावर वॉचमन कम पंपचालक असायचा. स्काडा बसला आणि "आता सगळं ऑटोमॅटिक आहे" म्हणून ती जागा रद्द झाली. टेकडीवरच्या टाकीचा लेव्हल सेन्सर तर वर्षभरापासून बंदच. म्हणजे रात्री त्या पंपाचं काय चाललंय हे कळायला एकच खिडकी उरली होती, तो पडदा.

आणि त्या रात्री पडदा काळा झाला नव्हता. झाला असता तर बरं झालं असतं, माणूस धावला तरी असता. पडद्यावर पंप हिरवा होता आणि शेजारी १८२ हा आकडा होता. कोपऱ्यातलं विंडोजचं घड्याळसुद्धा चालू होतं. फक्त आकडे साडेअकराच्या आधीचे होते. तो माणूस दर तासाला उठून पडद्याकडे बघत होता आणि दिसेल ते इमानदारीनं लिहीत होता. इकडे संप भरून रात्रभर पाणी नाल्याला जात होतं.

आता कुणी म्हणेल, सहा तास आकडा जागचा हलत नाही, मग शंका यायला नको? व्होल्टेज थोडं हललं तरी अँपिअर हलतो. बरोबर आहे, यायला हवी होती. पण हे त्याला कुणी शिकवलं होतं? स्काडा बसवून गेलेल्या कंपनीनं एका दुपारी 'हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद' एवढं सांगितलं, सह्या घेतल्या आणि ट्रेनिंग झालं. कॉम्प्युटर स्वतः आजारी पडला तर कसं ओळखायचं, हे त्या ट्रेनिंगमध्येही नव्हतं आणि टेंडरमध्येही नव्हतं.

हा प्रकार घेऊन मी एमआयडीसीतल्या एका मित्राकडे गेलो. तो एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मला वाटलं, हे काहीतरी अवघड प्रकरण असणार. त्यानं मला त्यांच्या कंट्रोल रूममध्ये नेलं आणि एक पान उघडून दाखवलं. ज्या स्काडावर बॉयलरचं तापमान आणि मोटरचा अँपिअर दिसतो, त्याच स्काडावर कॉम्प्युटरच्या तब्येतीचंही एक पान होतं. आतलं तापमान किती, पंखा किती वेगानं फिरतोय, डिस्क किती भरलीय, यूपीएसच्या बॅटरीत किती दम आहे, नेटवर्क चालू आहे का. कारखान्यातल्या मशिनचे जसे आकडे घेतात, तसेच कॉम्प्युटरचे घ्यायचे. कॉम्प्युटर हीदेखील एक मशिनच आहे, एवढा साधा विचार.

तो म्हणाला, "अरे, कारखान्यातला कॉम्प्युटर एका दिवसात मरत नाही. आधी सांगतो, आपण ऐकत नाही." धुळीनं पंखा जाम व्हायला लागतो, तापमान महिनाभर चढत राहतं. उष्णता वाढली की पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य भराभर घटतं. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. डिस्क बिघडण्याआधी बऱ्याचदा स्वतःच्या नोंदीत खुणा सोडते. पीएलसीच्या जुन्या मॉडेलमध्ये एक छोटी बॅटरी असते. ती संपत आली की पॅनलवर दिवा लागतो. तो दिवा कुणी पाहिला नाही आणि नंतर लाइट गेली, की आतला प्रोग्रामच पुसला जातो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यानं शेवटी दाखवली. तिला ते लोक हार्टबीट म्हणतात. पीएलसी दर सेकंदाला एक आकडा वाढवून पाठवतो, कॉम्प्युटर तो वाचून परत धाडतो. दहा-पंधरा सेकंद उत्तर आलं नाही की पीएलसी समजतो, साहेब बेशुद्ध पडले. आणि पीएलसीच स्वतःला जोडलेला भोंगा वाजवतो. भोंगा कॉम्प्युटरला जोडायचा नाही, हे महत्त्वाचं. जो बेशुद्ध पडलाय त्यानंच 'मी बेशुद्ध पडलोय' असं ओरडून सांगावं, ही अपेक्षा चुकीची. आमच्या गावात एवढं असतं तर साडेअकराला भोंगा वाजला असता, ऑपरेटरनं फोन फिरवला असता आणि गाव सकाळी पाणी भरून मोकळं झालं असतं.

हे फक्त आपल्याकडच्या गबाळ्या कारभारात होतं असं समजू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाचे जपानमधले १४ च्या १४ असेंब्ली कारखाने एक दिवस ठप्प झाले. सायबर हल्ला नव्हता, हे कंपनीनंच स्पष्ट केलं. सुट्या भागांच्या ऑर्डरी हाताळणाऱ्या सर्व्हरच्या देखभालीचं काम चालू असताना डिस्कमध्ये जागा कमी पडली. पर्यायी व्यवस्थाही त्याच सिस्टिमवर होती, त्यामुळे तीही त्याच कारणानं पडली. मोठ्या क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवला तेव्हा गाडी रुळावर आली. टोयोटाची डिस्क भरू शकते, तर आपल्या नगरपालिकेची का नाही?

त्याहून मोठा धडा १४ ऑगस्ट २००३ चा. त्या दिवशी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातल्या ओंटारिओत मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. सुरुवात ओहायोतल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या हद्दीत झाली. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी तिच्या कंट्रोल रूमची अलार्म यंत्रणा सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे गपगार झाली. पडदे चालू, अलार्म एकही नाही, म्हणून ऑपरेटर निवांत. त्यानंतर ३४५ केव्हीच्या लाइनी झाडांना टेकून एकामागून एक ट्रिप होऊ लागल्या. शेजारच्या कंपन्यांनी फोन करून विचारलं, तरी आपल्या पडद्यावर काही दिसत नाही म्हणून गांभीर्य कळलं नाही. सुमारे दीड तास हे चाललं.

आणि यातली खरी मेख ऐका. सर्व्हर पडल्याचा संदेश तिथल्या कॉम्प्युटर विभागाला आपोआप गेला होता. म्हणजे तब्येतीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा होती! त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरूही केला. पण अलार्म चालू झाले का, हे शेजारच्या ऑपरेटरना विचारलं नाही आणि अलार्म बंद आहेत हे त्यांना नीट कळवलंही नाही. नंतरच्या अमेरिका-कॅनडा संयुक्त चौकशीत हा मुद्दा स्पष्ट नोंदवला आहे.

म्हणून माझं म्हणणं नुसतं 'आणखी एक सॉफ्टवेअर घ्या' असं नाही. सॉफ्टवेअर घेतील, फीत कापतील, फोटो काढतील, तो फोटो मीच छापीन. प्रश्न असा आहे की रात्री दोन वाजता संदेश आला तर तो कुणाच्या मोबाइलवर जाणार, आणि त्या माणसाला उठून जायचा पगार मिळतो का?

अमृत असो, जलजीवन असो, पाणीयोजनांत स्काडा आणि सेन्सर बसवण्याचं काम जोरात आहे. चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण यंत्र आल्यावर माणूस कमी करायचा आणि यंत्राकडे बघायलाही माणूस नेमायचा नाही, हे चालणार नाही. नगरपालिकेकडे चार साध्या मागण्या करतोय:

१. हार्टबीट आणि पीएलसीला जोडलेला भोंगा. पडद्यावरचा आकडा किती वाजताचा आहे, ती वेळ आकड्याशेजारीच दिसली पाहिजे आणि आकडा शिळा झाला की त्याचा रंग बदलला पाहिजे.

२. कॉम्प्युटरच्या तब्येतीचं पान. तापमान, पंखा, डिस्क, यूपीएस. आणि त्याची नोंद रोजच्या रजिस्टरमध्ये, पंपाच्या नोंदीशेजारी.

३. देखभालीच्या करारात कॉम्प्युटरचं नाव हवं. पंप आणि पॅनल लिहितात, कॉम्प्युटर विसरतात. आमच्या कंट्रोल रूममध्ये आजही विंडोज ७ आहे. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला.

४. संदेश दोन माणसांना जावा, एक ऑपरेटर आणि एक जबाबदार अधिकारी. आणि पुढच्या वेळी कुणाला घरी बसवण्याआधी यंत्राची नोंद तपासा, मग माणसाची.

शेवटचं माझं. मागच्या आठवड्यात त्या ऑपरेटरला भेटलो. सध्या एका पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतो. मी आधी माफी मागितली. तो फार काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, मी बघत होतो ओ. दर तासाला बघत होतो. तुम्ही एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी विचारलं नव्हतं. मीही पडद्यावर दिसलं तेच लिहिलं. माझा पडदा म्हणजे ते रजिस्टर. सहा वेळा १८२ बघून मला जी शंका आली ती माणसावर आली, यंत्रावर आली नाही. वीस वर्षं पत्रकारिता करून ही चूक केली. त्याचा खुलासा या आठवड्याच्या अंकात, मूळ बातमी जिथं होती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या हेडिंगमध्ये देतोय. त्याला कामावर परत घ्यावं, असं निवेदन मुख्याधिकाऱ्यांना दिलं आहे. उत्तर आलं की इथंच कळवतो.

तुमच्या गावातल्या पाणीयोजनेत, कारखान्यात, शीतगृहात, दूध संघात असा पडदा असेल तर उद्या एकदा जाऊन विचारा: हा कॉम्प्युटर बंद पडला तर कुणाला कळेल? उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये लिहा. मी सगळी वाचणार आहे.