'अर्थ कळला म्हणजे झालें !'

"अर्थ कळला म्हणजे झालें, शब्दाचा कीस कशाला?" हा आक्षेप आमच्या सुशिक्षितांच्या तोंडीं आतां इतका रुळला आहे कीं, इंग्रजींतील दोन जवळच्या विशेषणांतला भेद दाखविणारा मनुष्य त्यांस उगीच पांडित्य मिरविणारा वाटतो. आम्हांस हा आक्षेप मुळींच मान्य नाहीं. कारण भेद सुटला कीं अर्थहि सुटतो.

'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' हीं दोन विशेषणें घ्या. पहिल्याचा अर्थ ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाहीं असा, म्हणजे निःपक्षपाती. दुसऱ्याचा, ज्यास आस्थाच नाहीं असा, म्हणजे बेपर्वा. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असेल या भरंवशावर आपण न्यायालयाची पायरी चढतों. तो दुसऱ्या प्रकारचा निघाल्यास पक्षकाराचें दैव फुटलेंच म्हणावयाचें! दोहोंपुढें 'अलिप्त' हा एकच शब्द लिहून मोकळा होणारा शिक्षक गुण आणि दोष एकाच पारड्यांत टाकतो. तीच गत 'इकॉनॉमिक' व 'इकॉनॉमिकल' यांची. पहिलें अर्थव्यवहाराविषयीं, दुसरें काटकसरीविषयीं. आणि सरकारचें आर्थिक धोरण काटकसरीचें असतेंच असें नाहीं, हें कर भरणारास सांगावयास नको.

प्रतिपक्षी म्हणतील, सतराव्या शतकांत खुद्द इंग्रजांनींच 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द बेपर्वा या अर्थीं योजिला होता, व आजहि कित्येक तसा योजितात. खरें आहे; 'अनइंटरेस्टेड' हाहि त्या काळीं निःपक्षपाती या अर्थीं आढळतो. परंतु यावरून निघतें तें इतकेंच कीं, हा भेद आकाशांतून पडलेला नसून पुढील पिढ्यांनीं गरज ओळखून पाडलेला आहे. मिल्टननें १६४१ मध्यें 'सेन्शुअस' हें विशेषण योजिलें, तेंहि 'सेन्शुअल'ला चिकटलेला विषयलंपटतेचा वास टाळण्यासाठींच. कष्टानें जोडलेली मिळकत पूर्वीं नव्हती म्हणून फेकून द्यावी, हा कोठला न्याय?

आणि हा विवेक मराठी मनुष्यास परका आहे काय? 'ओल्ड' या एका विशेषणासाठीं आपण वाड्यास जुना म्हणतों, गृहस्थास म्हातारा म्हणतों. आजोबांस 'जुने' म्हणणाऱ्या पोरास घरांतलें कोणीहि हंसून सुधारील. स्वभाषेंत जी चूक आपण पोरासहि करूं देत नाहीं, ती परभाषेंत पदवीधरास कां क्षम्य व्हावी?

दोन शब्दांतला भेद पाहण्यास शिकलेला विद्यार्थी निःपक्षपाती मनुष्य आणि बेपर्वा मनुष्य यांतला भेदहि पाहूं लागतो. हा कीस काढणें शिक्षकाचें कर्तव्यच आहे. आळसास उदारपणाचें नांव देऊन तें टाळणें त्यास शोभत नाहीं.