पुस्तक नक्की कुणासाठी?

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना पुस्तक द्यायचं म्हटलं, की आपण मोठी माणसं लगेच त्यात 'संस्कार' शोधायला लागतो. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे या पापाची धनी मीही आहेच! बक्षीस म्हणून दरवर्षी 'श्यामची आई' द्यायचे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक थोरच, त्याबद्दल वाद नाही. पण एकदा एक मुलगा म्हणाला, "बाई, घरी ही तिसरी प्रत झाली." तोच मुलगा भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' बाकाखाली लपवून वाचायचा. मी ते जप्त केलं होतं. आजही त्याची लाज वाटते...

मूल वाचायला हवं ना? मग त्याला दुकानात न्या. पैसे तुम्ही द्या, निवड त्याची. भुताचं घेईल, विनोदाचं घेईल. घेऊ दे की! गुळगुळीत कागदाचा जाडजूड ज्ञानकोश पाहुण्यांना दाखवायला बरा, पण तो कपाटातच राहतो. त्यापेक्षा 'बालभारती'च्या 'किशोर' मासिकाची वर्गणी भरा. १९७१ पासून निघतंय ते.

उपदेश करायला आपण आहोतच. पुस्तकाला तरी त्यातून सुट्टी द्या!