नवा परकायाप्रवेश

परकायाप्रवेशाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका देहातून दुसऱ्या देहात शिरण्याची ती विद्या आता यंत्राच्या साहाय्याने थोडीबहुत साध्य झाली आहे. डोळ्यांवर आभासी वास्तवाचे उपकरण चढविले, की समोर निराळेच जग उभे राहते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माणसांना अशा रीतीने गाईचा देह देण्यात आला. ती हातापायांवर रांगू लागली, की आभासी गाय चालू लागे. त्या गाईला काठी टोचली, की टोचणी माणसाच्या अंगाला जाणवे.

अशा अनुभवाने मन हळवे होते, यात शंका नाही. परंतु तेवढ्याने गाय कळली असे मानणे हा भ्रम होय. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात; तिला मागचेही बरेचसे दिसते. वटवाघूळ स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून अंधारात मार्ग काढते. अशी इंद्रिये कोणते यंत्र आपणांस देणार? वटवाघूळ असणे म्हणजे काय, हा प्रश्न टॉमस नेगल या तत्त्वज्ञाने १९७४ साली विचारला. तो यंत्राने सुटलेला नाही.

शिवाय उपकरण उतरविताच आपली टोचणी थांबते; जनावराची थांबत नाही. म्हणून या यंत्राचे खरे मोल एवढेच, की त्याने आपली दृष्टी जिवंत प्राण्याकडे वळवावी. जुवाने सोललेली मान पाहण्यास उपकरण लागत नाही. ती पाहून ज्याने उगारलेला हात आवरला, त्यालाच परकायाप्रवेशाची विद्या साधली, असे म्हटले पाहिजे.