देवळाच्या कपाटात ओर्ताचा ग्रंथ

देवस्थानच्या वाचनालयासाठी प्राचीन ग्रंथ निवडावयाचे म्हटले की पोथ्यापुराणांपलीकडे आमची दृष्टीच जात नाही. गार्सिया द ओर्ता याच्या वनौषधींवरील संवादांचे नाव काढताच ‘फिरंग्याचा ग्रंथ देवळात कशास?’ असा आक्षेप येतो. तो आम्हांस मुळीच मान्य नाही. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या या ग्रंथात मिरी, हिंग, आले, आंबा, फणस यांची चर्चा आहे (आजीच्या बटव्यातील कितीतरी जिन्नस तेथे भेटतात!). ग्रीक आचार्यांच्या वचनापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले प्रमाण मानण्याचा बाणा आहे. येथील हकीम-वैद्यांकडून शिकल्याची कबुलीही आहे.

राहिला फिरंगीपणा. ओर्ता जन्माने ज्यू घराण्यातला. १५६९ साली इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीस जाळले. १५८० साली खुद्द त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली, ती याच राजवटीत. देव उचलून अंत्रूज महालात आलेल्यांच्या वंशजांनी ओर्तास परका म्हणावे काय?

मार्कहॅमचे इंग्रजी भाषांतर १९१३ सालीच निघाले आहे. महाजनांनी ते पुढील खरेदीच्या यादीत घालावे, आणि त्याच्या मराठी व कोंकणी भाषांतरासाठीही चार पैसे बाजूस काढावे.