न्हाणे आणि केसांचा मऊपणा

विहिरीच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाने डोके धुतले, की वाळल्यावर केस राठ होतात. कंगवा मध्येच अडतो आणि वेणी घालून घेणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. पुष्कळ घरांत याचा दोष मुलीच्या केसांवर येतो. तो अन्यायाचा आहे, असे आम्हांस वाटते. जड पाण्यातील क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो व तो केसांवर बसतो.

शाम्पूतील क्षालक द्रव्यांचा असा साका होत नाही. परंतु मळाबरोबर ती केसांची स्निग्धताही हरण करतात. बरे, शाम्पूत घरचे तेल मिसळावे, तर क्षालक द्रव्य त्या तेलालाच धुण्यात खर्ची पडते. मग स्वच्छता आणि मऊपणा एकत्र नांदावीत कशी?

ओल्या केसांच्या पृष्ठावर ऋणप्रभार असतो. झिजलेल्या टोकांवर तो अधिक. म्हणून शाम्पूत धनप्रभारित द्रव्य घालतात. अशा द्रव्यांपैकी एक चक्क आपल्या गवारीपासून होते. गवारीच्या बियांच्या डिंकावर प्रक्रिया करून ते बनवितात. हे पीक आपल्या देशात, विशेषतः राजस्थानात, विपुल होते. शंभर भाग शाम्पूस त्याचा अर्धा भागही पुरेसा होतो. बाटलीत क्षालक द्रव्य भरपूर असल्याने हा डिंक त्यात विरघळून राहतो. डोक्यावर पाणी ओतताच मिश्रण पातळ होते, डिंक त्यातून वेगळा होऊन केसांवर तलम थर धरतो आणि फेस मळ घेऊन निघून जातो. प्रमाण वाढले, तर मात्र थरावर थर चढून केस चिकट व जड होतात.

तेव्हा गृहिणींनी फेसाच्या ढिगावर भुलू नये. थोडा शाम्पू टाळूस चोळावा आणि पाणी मात्र सढळ हाताने घ्यावे. कारण मऊपणा त्या पाण्यानेच येतो. केस जड वाटू लागल्यास एखादे वेळी साधा शाम्पू वापरावा. आजीची शिकेकाईही टाकाऊ नव्हे. जड पाण्यात तिचा साका होत नाही. फक्त तिचे पाणी ताजे असावे व डोळ्यांत जाऊ देऊ नये.

मुलीच्या केसांस बोल लावण्यापूर्वी घरचे पाणी आणि साबण तेवढे पाहावेत, इतकीच आमची विनंती.