रथ थोर कीं सारथी?

मोटारींच्या शर्यतींचा नाद आतां आपल्या घरांतूनही शिरला आहे. रविवारीं सायंकाळीं मुलें व त्यांचे काका एकाच दूरचित्रवाणीपुढें ठाण मांडून बसतात, आणि शर्यत संपली कीं वादास तोंड फुटतें. हा वाद बहुधा एकाच ठिकाणीं येऊन अडतो. एक पक्ष म्हणतो, "त्या गाडींत कोणालाही बसवा, तोच पहिला येईल." दुसरा म्हणतो, "गाडी काय आपण होऊन धांवते?" पानें वाढल्याची हांक स्वयंपाकघरांतून दोनदां आली तरी ती कोणाच्या कानीं पडत नाहीं.

आम्हांस हा वाद पोरकट वाटत नाहीं. मनुष्याच्या यशांत साधनाचा वांटा किती व त्याचा स्वतःचा किती, हा प्रश्न ज्या घरांत परीक्षेचे निकाल लागतात त्या प्रत्येक घरांत निराळ्या वेषानें येतच असतो. भारतकारांनींही तो सोडलेला नाहीं. कर्णानें अर्जुनाशीं सामना करण्यापूर्वीं शल्यासारखा सारथी मागून घेतला, तो कृष्णाच्या तोडीचा म्हणून. आणि युद्ध संपल्यावर कृष्णानें अर्जुनास आधीं रथाखालीं उतरावयास सांगितलें व मागून तो स्वतः उतरला, तों तो दिव्य रथ पाहतां पाहतां जळून भस्म झाला. इतके दिवस तो कोणामुळें उभा होता, हें निराळें सांगावयास नको. तथापि तेथें रथी वेगळा व सारथी वेगळा होता. मोटारींच्या शर्यतींत दोघेही एकाच देहांत बसलेले असतात, आणि घोडे मात्र दूरच्या कारखान्यांत शेंकडों कारागिरांनीं घडविलेले असतात. म्हणून येथें निवाडा अधिक अवघड होतो.

या खेळांतील सर्वोच्च पायरी म्हणजे फॉर्म्युला वन. हांकणारांचें जागतिक अजिंक्यपद तेथें १९५० पासून दिलें जातें, व गाड्या बांधणारांसाठीं दुसरें पद १९५८ पासून. प्रत्येक संघ आपली गाडी आपण बांधतो, आणि ती दोन हांकणारांच्या हातीं देतो. सर्व गाड्या सारख्या नसतात हा या खेळाचा दोष नसून तोच त्याचा पाया आहे. परंतु एका संघाच्या दोन गाड्या बव्हंशीं सारख्या असतात, आणि आमच्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची जागा तीच आहे.

प्रथम गाडीचें देणें चुकतें करूं. जेन्सन बटन हा इंग्रज हांकणारा २००८ सालीं होंडाच्या गाडींत बसून सबंध वर्षांत अवघे ३ गुण मिळवूं शकला. त्या वर्षाच्या अखेरीस होंडानें खेळ सोडला, आणि रॉस ब्रॉन यांनीं तो संघ घेऊन स्वतःच्या नांवानें उभा केला. नव्या गाडीच्या मागील भागाखालून हवा वाहून नेण्याची अशी कांहीं युक्ति केलेली होती कीं वळणावर गाडी जमिनीस अधिक घट्ट धरून राही. तोच बटन २००९ सालीं पहिल्या सात शर्यतींपैकीं सहा जिंकला आणि ९५ गुणांनीं अजिंक्य ठरला. एका हिंवाळ्यांत मनुष्याचें कसब कांहीं तीसपट वाढत नाहीं. तेव्हां 'गाडी कांहीं नव्हे' असें म्हणणारांनीं येथें गप्प बसावें हें बरें. मात्र उरलेल्या दहा शर्यतींत इतर संघांनीं ती युक्ति उचलली, आणि बटनला एकही शर्यत जिंकतां आली नाहीं. तरीही आधींची पुंजी न उधळतां तो थोडथोडे गुण जमवीत राहिला, व ब्राझिलांत चौदाव्या जागेवरून निघून पांचवा येऊन त्यानें पद पक्कें केलें. पहिलें अर्धें वर्ष गाडीचें म्हणा, दुसरें त्याचें.

आतां दुसऱ्या पक्षाचा पुरावा. २०२३ सालीं रेड बुल संघाची गाडी इतकी सरस होती कीं २२ पैकीं २१ शर्यती तिनेंच जिंकल्या. परंतु त्यांपैकीं १९ मॅक्स व्हर्स्टापेनच्या होत्या आणि २ सर्जिओ पेरेझच्या. गुण पाहिले तर एकाचे ५७५ व दुसऱ्याचे २८५. पुढल्या वर्षीं गाडीचा तो वरचष्मा ओसरला आणि बांधणारांच्या पदांत संघ तिसरा गेला, तरीही व्हर्स्टापेन ४३७ गुणांनीं अजिंक्यच राहिला. पेरेझ १५२ वर थांबला. 'त्या गाडींत कोणालाही बसवा' असें म्हणणारांस एवढेच उत्तर पुरे आहे कीं, दुसरा बसविलाच होता.

येथवर कसबाची गोष्ट झाली. परंतु कसब निराळें आणि पोक्तपणा निराळा. हा भेद वादांत कोणी करीत नाहीं म्हणून तो वाद संपत नाहीं.

१९८८ सालीं मॅक्लारेन संघाची होंडा एंजिनाची गाडी १६ पैकीं १५ शर्यती जिंकली. तिच्यांत दोघे बसत, फ्रान्सचा अलाँ प्रोस्ट व ब्राझिलचा आयर्टन सेन्ना. मोनाकोच्या अरुंद रस्त्यांवर सेन्नानें सरावांत प्रोस्टला जवळजवळ दीड सेकंदानें मागें टाकलें. सारख्या गाड्यांत हें अंतर थक्क करणारें आहे. शर्यतींतही तो सुमारें ५० सेकंद पुढें होता. थोड्याच फेऱ्या राहिल्या होत्या, आणि सावकाश चाल असा संघाचा निरोप आला होता. त्यानंतर कोणीही पाठीशीं नसतांना त्याची गाडी कठड्यावर आदळली. शर्यत प्रोस्टनें जिंकली. त्या दिवशीं कसबांत सेन्नाच्या जवळपासही कोणी नव्हता, आणि गाडीचीही कांहीं उणीव नव्हती. तरी त्या वर्षाचें पद अखेर सेन्नालाच मिळालें हें सांगितलें पाहिजे. वर्षाच्या एकूण गुणांत प्रोस्ट १०५ व सेन्ना ९४ असे होते. परंतु उत्तम अशा अकराच शर्यतींचे गुण धरावयाचे असा तेव्हांचा नियम असल्यामुळें हिशेब ९० विरुद्ध ८७ असा उलटला. परीक्षकानें वाईट उत्तरें सोडून द्यावयाचीं ठरविल्यावर धिम्या विद्यार्थ्याचें नुकसान व्हावयाचेंच.

या विषयांत आम्हांस सर्वांत मोलाचें वर्ष वाटतें तें १९८४. संघ मॅक्लारेनच, आणि प्रोस्टही तोच, वय २९. दुसऱ्या गाडींत ऑस्ट्रियाचा निकी लाउडा, वय ३५. लाउडाचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढील गोष्ट कळावयाची नाहीं. १ ऑगस्ट १९७६ रोजीं जर्मनींतील न्यूरबुर्गरिंग येथें त्याची गाडी पेटली व तो आंत अडकला. चेहरा भाजला, फुप्फुसांत विषारी धूर गेला, आणि तो वांचेल अशी आशा राहिली नव्हती. सहा आठवड्यांनीं तो इटलींत मोंझा येथें पुन्हां शर्यतीस उभा राहिला आणि चौथा आला. यास धैर्य म्हणावें यांत शंका नाहीं. परंतु आम्हांस त्याहून मोठी वाटते ती त्याच वर्षींची अखेरची गोष्ट. जपानांत फुजी येथें मुसळधार पावसांत शेवटची शर्यत सुरू झाली. पद हातातोंडाशीं आलेलें होतें. दोन फेऱ्या करून लाउडा थांबला व गाडींतून उतरला. अशा पाण्यांत गाडी हांकणें हें शहाणपणाचें नव्हे असें त्याचें मत पडलें. जेम्स हंट ६९ गुणांनीं अजिंक्य झाला, लाउडाचे ६८ राहिले. भित्रा म्हणून नांवें ठेवणारे लोक तेव्हांही निघाले. ज्यानें जळत्या गाडींतून निघून सहा आठवड्यांत पुन्हां चाक धरलें त्यास भित्रा म्हणणें हें घरीं बसणारांसच साधतें.

असा हा मनुष्य मधें दोन वर्षें खेळ सोडून १९८२ सालीं परत आला होता. १९८४ सालीं प्रोस्ट त्याच्याहून वेगवान आहे हें त्यास लौकरच कळून आलें. सरावांत प्रोस्ट बहुतेक वेळां पुढें, शर्यतीही प्रोस्टनें सात जिंकल्या व लाउडानें पांच. लाउडानें मग प्रोस्टशीं वेगांत झुंजण्याचा नाद सोडला. सरावांत कोठें उभें राहावयाचें याची फिकीर तो करीना. शर्यतीसाठीं गाडी जुळवून घ्यावयाची, टायर व ब्रेक राखावयाचे, आणि पुढले थकले म्हणजे एकेक करून ओलांडावयाचे, असा त्याचा क्रम. ऑक्टोबरांत पोर्तुगालमध्यें एस्तोरिल येथें शेवटची शर्यत झाली, तींत प्रोस्ट पहिला आल्यास लाउडाला दुसरें येणें भाग होतें. तो निघाला अकराव्या जागेवरून. बऱ्याच वेळानें तो तिसरा झाला. पुढें नायजेल मॅन्सेल होता, त्याचे ब्रेक गेले, आणि लाउडा दुसरा आला. एकूण ७२ गुण विरुद्ध साडेएकाहत्तर. आजवर इतक्या थोड्या अंतरानें अजिंक्यपदाचा निकाल दुसरा लागलेला नाहीं.

मॅन्सेलचे ब्रेक जाणें हें दैव झालें, असें कोणी म्हणेल. म्हणावें, परंतु दैव आलें तेव्हां त्याच्या मागेंच जो उभा होता तो तेथें दैवानें आलेला नव्हता. आणि तो अर्धा गुण कोठून आला हेंही ऐकण्यासारखें आहे. त्याच वर्षीं मोनाकोस पावसांत शर्यत अर्ध्यावर थांबविली गेली. प्रोस्ट पुढें होता, शर्यत थांबवावी अशा खुणा करीत होता, आणि एका दुबळ्या गाडींतून एक नवखा तरुण त्याला गांठीत येत होता. तो तरुण सेन्ना. थांबलेली शर्यत म्हणून प्रोस्टला नवाऐवजीं साडेचारच गुण मिळाले. ती पुरी होऊन तो दुसरा जरी आला असता तरी त्यास सहा गुण मिळून पद त्याचेंच झालें असतें!

पोक्तपणा म्हणजे म्हातारपणचा मंदपणा अशी तरुणांची समजूत असते. आम्ही साठी ओलांडलेले असल्यानें या मुद्द्यावर आमची साक्ष कोणी ग्राह्य धरणार नाहीं. म्हणून अर्जेन्टिनाच्या हुआन मान्युएल फांजिओची देतों. चार निरनिराळ्या कारखान्यांच्या गाड्यांतून त्यानें पांच अजिंक्यपदें मिळविलीं. उत्तम गाडी कोठें आहे हें ओळखून वेळेवर तेथें जाणें हाही त्याच्या शहाणपणाचाच भाग होता. ४ ऑगस्ट १९५७ रोजीं त्याच न्यूरबुर्गरिंगवर, वयाच्या ४६ व्या वर्षीं, अर्धीच टांकी भरून निघावें व मधें थांबून तेल आणि टायर घ्यावे असा त्याचा बेत होता. थांबण्यांत वेळ फार गेला, आणि फेरारीच्या दोन तरुणांनीं पाऊण मिनिटाहून अधिक आघाडी घेतली. मग मात्र फांजिओनें गाडी अशी हांकली कीं फेरीमागून फेरी उच्चांक मोडत गेले. आदल्या वर्षींचा त्याचाच उच्चांक ९ मिनिटें ४१.६ सेकंदांचा होता. त्या दिवशीं त्यानें ९ मिनिटें १७.४ सेकंदांत फेरी पुरी केली आणि ३.६ सेकंदांनीं शर्यत जिंकली. तेव्हां पोक्त मनुष्यास धांवतां येत नाहीं असें नाहीं. केव्हां धांवावयाचें हें त्यास कळतें एवढेंच.

आतां २०२५ ची गोष्ट, जिच्यावरून घराघरांत वाद झाले. या वर्षीं सरस गाडी मॅक्लारेनची होती, व लँडो नॉरिस आणि ऑस्कर पियास्ट्री हे दोघे तींत होते. ऑगस्टअखेर व्हर्स्टापेन पियास्ट्रीच्या १०४ गुण मागें होता. तेथून त्यानें जी मजल मारली ती कसबाच्या इतिहासांत राहील. परंतु १ जून रोजीं बार्सिलोना येथें काय झालें तें पाहावें. शर्यतीच्या अखेरीस त्याच्या गाडीस इतरांहून कठीण टायर होते, मागील लोक अंगावर येत होते, आणि जॉर्ज रसेलला जागा परत दे असा संघाचा हुकूम आला. तो संतापला. जागा देतों असें दाखवून गाडी मंद केली, आणि रसेल बाजूस येतांच पुन्हां वेग घेऊन त्यास धडक दिली. पंचांनीं दहा सेकंदांचा दंड केला. पांचवा आलेला मनुष्य दहावा झाला. दहा गुणांच्या जागीं एक मिळाला. तें वागणें बरोबर नव्हतें असें दुसऱ्या दिवशीं त्यानें आपण होऊन सांगितलें, ही गोष्ट त्याच्या बाजूनें नमूद केली पाहिजे.

नुकसान मॅक्लारेनचेंही झालें. नेदरलंडांत नॉरिसची गाडी बंद पडली. लास व्हेगसला गाडीखालची फळी नियमापेक्षां अधिक झिजली म्हणून दोन्हीं गाड्या बाद झाल्या. तेव्हां 'ते नऊ गुण असते तर' हें गणित दोन्हीं बाजूंनीं मांडतां येतें, आणि मांडणारे मांडतातच. परंतु जमाखर्च लिहितांना रकमा योग्य खात्यांत घातल्या पाहिजेत. नॉरिसची तूट गाडीच्या खातीं पडते. बार्सिलोनाची तूट रेड बुलच्या कोणत्याही कारागिराच्या नांवें टाकतां येत नाहीं. ज्यानें उण्या गाडींतून शंभरावर गुण भरून काढले, त्याच्याच हातून अर्ध्या मिनिटांत नऊ गेले.

७ डिसेंबर रोजीं अबूधाबीस शेवटची शर्यत झाली. व्हर्स्टापेन पहिला आला, पियास्ट्री दुसरा. वर्षाचे गुण नॉरिस ४२३, व्हर्स्टापेन ४२१. नॉरिसला त्या दिवशीं तिसरा क्रमांक पुरेसा होता, आणि त्यानें तिसराच घेतला.