रक्त घेतलं, उत्तर कुठाय?



वाडीवर ताप आला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बोटाला सुई टोचतात, काचपट्टीवर थेंब घेतात. चार दिवसांनी निरोप येतो, "मलेरिया नाही." संपलं. माणूस मात्र अजून फणफणतोय.

काचपट्टीवर मलेरिया शोधतात. विडाल तपासणी टायफॉइडसाठी. एक तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते. मलेरिया नाही म्हणजे आजारच नाही, असं होत नाही.

सिंधुदुर्गात काय झालं बघा. 2016 साली दोडामार्ग तालुक्यात, पुढच्या वर्षी बांदा भागात माकडताप आला. काजूच्या बागेत, रानात राबणारी माणसं आजारी पडली, काही गेली. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा सापडला. त्याचा विषाणू ओळखायला आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची पीसीआर तपासणी लागते. पुढे विषाणू रक्तात सापडेनासा होतो, मग एलायझा करून प्रतिपिंडं बघावी लागतात. म्हणजे ताप कोणत्या दिवशी आला हे लिहिलं नाही, तर तपासणीच चुकते. नमुना बर्फात ठेवून पुण्याच्या विषाणू संस्थेसारख्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो. या तापावर खास औषध नाही, पण वेळेत दवाखान्यात पोचलं तर जीव वाचतो.

कर्जत-खालापुरात माकडताप आहे असं आम्ही म्हणत नाही. घाबरू नका. पण रान आपल्याकडेही आहे, गोचिडी आहेत, माकडं आहेत. मोळीला, करवंदाला, मोहाला आपणच जातो. शोधलंच नाही तर सापडणार कसं?

आणि एक सावधगिरी. आजार निघाला की पहिला हुकूम सुटतो, "जंगलात जाऊ नका." हे आपल्याला चालणार नाही. आपली चूल रानावर चालते, वनहक्काचे दावेही आपल्या वहिवाटीवर उभे आहेत. तापाच्या नावाने कुणी आपल्याला दळीवरून उठवू नये. रान बंद करू नका, तपासणी सुरू करा. अंगाला लावायचं गोचीड पळवणारं तेल वाडीवर द्या.

आपणही एवढं करायचं. ताप आलेली तारीख लिहून ठेवायची. गोचीड चावली असेल, रानात माकड मेलेलं दिसलं असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं. मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला कळवायचं. रक्त दिलं की कागद मागायचा. कसली तपासणी, कुठे पाठवली, उत्तर कधी, सगळं मराठीत लेखी. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाचा रिपोर्ट वाडीवर पडून राहता कामा नये, तो भट्टीवर पोचला पाहिजे.

रक्त आपलं आहे. त्याचं उत्तरही आपल्याला मिळालं पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, ठराव लिहून घ्या.

जिंदाबाद!